साठ अभ्यासक्रमांचा विद्यार्थी, दोन अभ्यासक्रमांचा समाज

दरवर्षी एप्रिल महिन्यात भीमजयंतीनिमित्त आपण भाड्याच्या सभागृहात एकत्र जमतो. वंदना होते, बाबासाहेबांच्या पदव्यांची नामावळी वाचली जाते आणि मग आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार होतो. कुणाला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो, कुणी संगणक अभियंता झालेला असतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. मी स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्या टाळ्यांत आजवर मनापासून सामील झालो. परंतु अलीकडे टाळ्या वाजविताना माझे हात जड होतात. ज्या पदव्यांची यादी आपण अभिमानाने वाचतो, त्यांच्यामागे कोणते शिक्षण होते, हे आपण कधी नीट पाहिले आहे काय?

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला आले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १, असे एकूण ६० अभ्यासक्रम घेतले. पदवी अर्थशास्त्राची होती. पण भूक एका शास्त्राने भागणारी नव्हती.

आणि शिकविणारे कोण होते? अर्थशास्त्राचे सेलिग्मन हे न्यूयॉर्कमधील ज्यू पेढीवाल्यांच्या घराण्यातले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे व्हरमाँटमधील एका किराणा दुकानदाराचे चिरंजीव. इतिहासाचे शॉटवेल कॅनडातून आलेले. मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर कीव्ह शहरी जन्मलेले, आणि त्यांचे गुरू फ्रान्झ बोआस जर्मनीतून आलेले ज्यू. ज्यांना समाजाचे दार बाहेरून पाहण्याचा अनुभव होता, अशी काही माणसे त्या अध्यापकवर्गात होती. म्हणूनच ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात महू छावणीत जन्मलेला एक अस्पृश्य विद्यार्थी उभा राहून भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचू शकला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या मतांचा त्याने समाचार घेतला. कॉर्नेल विद्यापीठात शिकून गेलेल्या आपल्याच श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या व्याख्येची त्याने कदर केली, पण तिच्यातील उणीवही दाखविली. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही त्या बंदिस्तीची साधने आहेत, हे त्याने मांडले. विषय जुना होता. प्रश्न विचारणारा नवा होता. विद्यापीठ म्हणतात ते याला!

कोलंबिया म्हणजे स्वर्ग होता, असे मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्याच विद्यापीठाने ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या युक्त्या योजल्या. दार उघडे असणे आणि ते उघडे राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे आमचे काही सवर्ण व्यवसायबंधू हसून म्हणतात, "डॉक्टरसाहेब, ज्ञानाला जात नसते. यंत्राला जात नसते. प्राध्यापक नेमताना केवळ गुणवत्ता पाहावी." या युक्तिवादाला मी माझ्याच व्यवसायातले उत्तर देतो. बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे डोळे झाकून वापरीत आलो. २०२० च्या महामारीत त्याच्या आकड्यावर रुग्णाला घरी पाठवायचे की दाखल करायचे, हे ठरत होते. त्या यंत्राचा आकडा काळ्या त्वचेवर फसवा असू शकतो, हे सांगणारे संशोधन जुन्या नियतकालिकांत पडून होते. ते धुंडाळून त्या वर्षी ऑगस्टमध्ये ज्यांनी लेख लिहिला, त्या एमआयटीमधील एमी मोरन-थॉमस या डॉक्टर नव्हत्या, अभियंताही नव्हत्या. त्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापिका! त्या लेखाने जागे होऊन मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची आकडेवारी तपासली आणि डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना धमनीतील प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. म्हणजे जवळजवळ तिप्पट. यंत्राला जात नसेल. पण ते कोणाच्या बोटावर पारखले गेले, याला रंग असतो. ही गोष्ट आमच्या विभागातील गुणवत्तेला दिसली नव्हती. ती दिसायला दुसऱ्या विभागातील माणूस लागला.

आता मायदेशाकडे वळू. तेथे विभाग पुष्कळ आहेत. प्रश्न तेथे शिकविणाऱ्यांचा आहे. केंद्रीय विद्यापीठांतील राखीव जागा संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरून मोजाव्यात की एकेक विभाग धरून, असा वाद २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने पेटला. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विभागनिहाय मोजणीचा आदेश काढला. वरवर पाहता ही केवळ कारकुनी बाब होती. परंतु तेरा बिंदूंच्या त्या क्रमावलीत अनुसूचित जातीचा उमेदवार सातव्या जागेवर येतो आणि अनुसूचित जमातीचा चौदाव्या! ज्या विभागात सहाच जागा आहेत, तेथे दलित प्राध्यापकाची पाळी यावयाची कधी? आणि असे छोटे विभाग कोणते असतात? तत्त्वज्ञान, भाषा, मानववंशशास्त्र. म्हणजे समाज स्वतःविषयी जेथे विचार करतो, नेमके तेच. देशभर आंदोलन झाले आणि २०१९ च्या कायद्याने विद्यापीठ हे एकक पुन्हा प्रस्थापित केले. मात्र त्याच कायद्यात काही नामांकित संशोधन संस्थांना परिशिष्टात घालून सूट देण्यात आली. उत्कृष्टता आणि आपण एका छताखाली नांदू शकत नाही, असे कायद्याच्याच भाषेत सांगितले गेले. याचा निषेध आपण केलाच पाहिजे.

परंतु निषेधाचे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. त्या जागा उद्या खुल्या झाल्या, इकडच्या विद्यापीठांत जातीवर संशोधन करण्याची पदे निघाली, तर अर्ज कोण करणार? आपल्या घरातील पुस्तकांच्या कपाटांत बाबासाहेबांचे खंड आहेत. पण त्यांनी अभ्यासिलेले विषय आपल्या मुलांच्या प्रवेश-अर्जांत नाहीत. वैद्यक आणि संगणक ही आपली नवी चौकट. बाहेरच्यांनी आखलेल्या चौकटीविरुद्ध आपण लढलो, ही मात्र आपण हाताने आखली.

मी हे अंगुलिनिर्देशासाठी लिहीत नाही. पहिला अपराधी मीच आहे. माझ्या मुलीने मानववंशशास्त्र शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा मी तिला विचारले, "पोट कशाने भरणार?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, विदर्भातल्या ज्या सिकलसेलच्या रुग्णांच्या गोष्टी तुम्ही सांगता, त्यांच्या वस्तीत त्या आजाराला काय म्हणतात? लग्न जुळविताना तो का लपवितात?" मी निरुत्तर झालो. त्या आजाराचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोच्या हेरिक यांनी केले, त्याचे रेणूतील मूळ १९४९ साली पाउलिंग व सहकाऱ्यांनी दाखविले, हे मला तोंडपाठ होते. महार, गोंड, परधान अशा समाजांत तो पिढ्यानपिढ्या आहे, हेही ठाऊक होते. माझ्या विद्यार्थिदशेत वॉर्डात सांधे धरून कण्हणारी मुले मी पाहिली होती. त्यांच्या नसेत सलाईन लावले होते. पण त्यांच्या आईला हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. मला तो कोणी शिकविलाच नव्हता.

पोटाचा प्रश्न खोटा नाही. आपल्या आईवडिलांनी उपाशी राहून आपल्याला शिकविले. त्यांच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. परंतु त्यांची भीती वारसा म्हणून मुलांच्या हाती देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आज आपल्यापैकी अनेकांची घरे फिटली आहेत. आता तरी प्रत्येक कुटुंबाने एका मुलाला इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र निवडण्याची मोकळीक द्यावी आणि आपल्या मंडळाने पुढील जयंतीपासून अशा विद्यार्थ्यासाठी एक शिष्यवृत्ती ठेवावी. पहिल्या वर्षाचा भार मी उचलतो.

माझी मुलगी मानववंशशास्त्रच शिकते आहे. तिचा सत्कार होईल की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी माझे हात मात्र जड होणार नाहीत.