आधी वर्गणी मागा

मराठीत इंटरनेटवर धंदा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘व्ह्यूज किती?’ गुंतवणूकदार विचारतात, जाहिरातवाले विचारतात, हल्ली पाहुणेरावळेही विचारतात. मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना रोजचा हवामानाचा आणि फवारणीचा सल्ला मोबाइलवर देणारी छोटी कंपनी चालवतो. या एका प्रश्नाने मराठी डिजिटल धंद्याचं वाटोळं केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गणी भरणारे किती आणि त्यातले पुढच्या हंगामाला परत किती आले, हे विचारा.

द्राक्षात तारखेला अर्थ नसतो. दोन बागायतदार भेटले की ‘कितवा दिवस?’ असं विचारतात, म्हणजे फळछाटणीला किती दिवस झाले. एका बांधाच्या अलीकडची बाग पोंग्यात, म्हणजे कोंब फुटण्याच्या अवस्थेत असते, पलीकडची फुलोऱ्यात, आणि एकच पाऊस दोघांना वेगळा लागतो. फुलोऱ्यातल्या बागेत गळ आणि कूज सुरू होते. अशा सकाळी उजाडायच्या आत एखाद्या ताईंचा पानाचा फोटो येतो. वरून तेलकट पिवळा डाग, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. हा डाऊनी रोगच. ‘दादा, आत्ता मारू का पाऊस उघडल्यावर?’ याचं उत्तर द्यायला त्यांचा वाण, छाटणीची तारीख, आधीची फवारणी आणि त्या गावचा पावसाचा अंदाज माहीत हवा. त्या वर्गणीदार आहेत, म्हणून हे सगळं आमच्याकडे नोंदलेलं असतं.

त्याच वेळी त्यांच्या फोनवर याच रोगाचा, लाखोंनी पाहिलेला व्हिडिओ फिरत असतो. कुठल्या साली काढला, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वाणावर, काही पत्ता नाही. शेवटी औषधाचा डबा मात्र ठळक दिसतो. बनवणाऱ्याला पैसे मिळतात ते लोकांनी पाहिल्याचे. ताईंची बाग वाचली काय, गेली काय, त्याच्या कमाईत फरक पडत नाही. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. त्याचा फटका अनेक बागायतदारांना बसला. औषध कोणतं, कधी आणि किती, हा इथे घर चालण्या-बुडण्याचा प्रश्न असतो.

वर्गणीवर चालणं आपल्याला नवं नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. नांगर बनवणाऱ्या कारखान्याची माहिती देण्यासाठी 1920 साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं घरोघरी वाचलं जाणारं मासिक केलं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही काढली. पुण्या-मुंबईपासून लांब, एका वाडीतून हा व्याप चालला तो टपालाच्या आणि वर्गणीदारांच्या जोरावर. टपाल खातं सरकारचं, पण वाचकांच्या पत्त्यांची वही मासिकाच्या कचेरीत.

आज ती वही दुसऱ्याच्या ताब्यात आहे. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण खेड्यापाड्यातल्या कितीतरी कलाकारांचा प्रेक्षकवर्ग त्यासोबत गेला आणि त्यांच्याकडे एकाही प्रेक्षकाचा फोन नंबर नव्हता. लेख फेसबुकमध्येच उघडणारी ‘इन्स्टंट आर्टिकल्स’ ही सोय फेसबुकने 2015 मध्ये आणली आणि 2023 मध्ये गुंडाळली. त्यावर राबलेल्या संपादकांना कुणी विचारलं नाही.

‘मराठी माणूस नेटवर पैसे देत नाही’ हे मला मान्य नाही. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून आपण दिवाळी अंक विकत घेत आलो आहोत. फक्त वाचकाला परवडेल तेव्हा आणि परवडेल तसं मागायला हवं. दरमहा वर्गणीची पद्धत नोकरदारांसाठी ठीक आहे. द्राक्षवाल्याच्या हातात पैसा येतो तो माल गेल्यावर किंवा तासगाव-सांगलीच्या बाजारात बेदाण्याचा सौदा झाल्यावर. म्हणून आमची वर्गणी हंगामाची, आणि ती आम्ही त्या दिवसांतच घेतो. आपोआप वर्गणी कापायची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाला 24 तास आधी कळवावं लागतं. धंद्यातल्या काही मित्रांना ही कटकट वाटते. मला हा नियम फार चांगला वाटतो. वर्षातून एकदा तरी वाचकाने ‘हे मला हवं आहे का?’ असा विचार करावा आणि नको असेल तर सरळ बंद करावं.

वर्गणीदारांच्या नोंदी हातात आल्या की त्या विकत मागणारी गिऱ्हाइकं येतातच. कोणत्या गावात कोणाची बाग कितव्या दिवसावर आहे, ही माहिती औषध विकणाऱ्याला सोन्यासारखी. आमच्याकडे वर्गणीहून जास्त पैसे देऊन ती मागणारे येऊन गेले. ती विकायची नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने संमतीची अट घातली ते बरंच झालं, पण कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. ज्याने यादी विकली, त्याने उद्या सांगितलेल्या फवारणीवर कोणी का विश्वास ठेवावा?

मराठी मजकूर आता यंत्रं हवा तितका पाडून देतात. आम्हीही शेतकऱ्यांचे आवाजी निरोप लिहून काढायला ती वापरतो, सल्ला मात्र आमच्या कृषी पदवीधराने तपासल्याशिवाय जात नाही. नुसत्या मजकुराला यापुढे भाव राहणार नाही. भाव राहील तो वाचकाला नावानिशी ओळखणाऱ्याला.

मराठीत काही नवं सुरू करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की पहिल्या दिवसापासून वर्गणी मागा, थोडी का असेना, आणि वर्गणीदारांची यादी स्वतःकडे ठेवा. आणि वाचकहो, मराठीतलं एखादं काम तुम्ही मोबाइलवर रोज वाचत किंवा ऐकत असाल, तर त्याची या वर्षाची वर्गणी भरा.