गादी, काउंटर आणि एक स्टूल

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वेळणेश्वरात किराणा दुकानात गेले की दुकानदार बसलेले असतात आणि गिऱ्हाईक उभे असते. दुकानदारकाका गादीवरूनच विचारतात, "काय गो, आजीचा खोकला कसा आहे?" आणि बसल्या बसल्या हात लांबवून मागची बरणी काढतात. आगोटीची खरेदी वहीवर मांडली जाते आणि मुंबईहून चाकरमान्याचे पैसे आले की ती फिटते. गेल्या मे महिन्यात मी जेथे नोकरीला लागले तेथे मात्र सगळेच उलटे होते. तेथे गिऱ्हाईक मनसोक्त हिंडते आणि विकणारा दिवसभर उभा असतो. या एवढ्याशा फरकाविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

परीक्षा संपल्यावर मी नालासोपाऱ्याला मामाकडे गेले. पुढच्या वर्षाची फी आणि पुस्तके यांची सोय करायची होती. ओळखीतून उपनगरातल्या एका मोठ्या दुकानात दीड महिन्यासाठी जागा मिळाली. पहिल्या दिवशी गणवेशाचा टी-शर्ट मिळाला, मोबाईल कपाटात ठेवून घेतला आणि मला डाळी-कडधान्यांच्या रांगेत उभे केले. जुन्या तारखेचा माल पुढे आणि नव्या तारखेचा मागे ठेवायचा, पाकिटावरची किंमत आणि फळीवरची चिठ्ठी जुळते का ते पाहायचे, गिऱ्हाइकाने नको म्हणून भलतीकडे टाकलेली वस्तू तिच्या जागी न्यायची. काम ऐकायला सोपे आहे, पण त्यालाही डोके लागते. संध्याकाळी गर्दी वाढली की मला बिलाच्या काउंटरवर पिशव्या भरायला पाठवीत. रात्री लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तेव्हा कळले की सकाळपासून आपण टेकलो म्हणून कोठे नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बी.ए.ची मुलगी दुकानात पिशव्या भरते याची मला सुरुवातीला लाज वाटत होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकायचे ते असल्या कामातून सुटण्यासाठी, असे आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानत होते. पण आठ दिवसांत ती लाज गेली. पगार ठरल्या तारखेला झाला. भाव सर्वांना एकच होता. आत येणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नव्हते, आणि कोणत्याही वस्तूला कोणीही हात लावू शकत होते. गावातल्या गादीच्या आपुलकीविषयी आपण हळवे होतो, पण त्याच गादीपाशी काहींना पायरीखाली उभे राहावे लागत असे, हेही आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मोठे दुकान म्हणजे सगळे वाईट, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी ग्राहक संस्थेतूनच पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. दुकान मोठे असणे हा दोष नव्हे.

दोष आहे तो त्या नसलेल्या स्टुलाचा. माझ्या शेजारच्या रांगेत चाळिशीच्या एक ताई होत्या. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या पडल्या होत्या. गिऱ्हाईक नसताना त्या एकदा तांदळाच्या पोत्यावर टेकल्या, तर लगेच बोलणी बसली. आमचे वरिष्ठ मनाने वाईट नव्हते. तेही कधी काळी फळ्या भरतच वर आले होते. ते म्हणाले, "बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी वाटतो." मित्रहो, हे गिऱ्हाईक म्हणजे कोण? तुम्ही आणि मीच ना? आपल्याला खरेच असे वाटते का?

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानांतल्या स्त्री नोकरांना बसायला जागा द्यावी म्हणून कायदा झाला. तिघींमागे एक बैठक असा त्यात हिशेब होता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद होती. पण ती कारखान्यांपुरती. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतील बायकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, तेव्हा २०१८ साली तेथील दुकान कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला गेला. पुढे २०२१ साली तमिळनाडूनेही तेच केले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर असे लिहिले होते. २०२५ साली मंत्रिमंडळाने रोजच्या ९ तासांचे १० करायला मंजुरी दिली. उभे राहण्याचा वेळ वाढवण्याचा विचार होतो. मग बसण्याचा विचार कोणी करायचा?

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली ती सांगते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या ताईंनी नेमणुकीचा कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "तू कॉलेजची ना? वाच बघू, काय लिहिलंय." कागद इंग्रजीत होता. मी तसल्याच कागदावर न वाचता सही केली होती! दोन ओळींत अडखळले. रात्री शब्दकोश घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला : सांगतील तेव्हा जादा वेळ थांबावे लागेल, एवढे स्पष्ट लिहिले होते, जादा वेळेचे किती मिळतील याबद्दल अक्षर नव्हते. कायदा शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने ताईंना दुप्पट दराचे सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "तू जूनमध्ये गावाला जाशील. मला इथंच राहायचंय."

मी गप्प बसले. वरिष्ठांना मीही विचारले नाही. दीड महिन्याचा पगार घेतला आणि गुहागरच्या एस.टी.त बसले. निघताना "कायम राहतेस का? बी.ए. करून तरी शेवटी काय करणार?" असे विचारले गेले. घरातही दोन मते पडली. बाबा म्हणाले, हातची नोकरी सोडू नये.

आजोबा पडवीत बसून ऐकत होते. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि ते गावी आले ते कायमचेच. ज्या भागात भोंगे वाजत, तेथे आज मॉल आहेत. फिनिक्स गिरणीची जागा सर्वांना माहीत आहे. ते म्हणाले, "आम्ही पण उभेच असायचो गो. उभं राहण्याचं काही नाही. पण ज्याला बस म्हणत नाहीत, त्याचं कोण ऐकत पण नाही. तू कागद वाचायला शीक."

मी परत आले ती त्या वाक्यामुळे. पदवी ही काउंटरपासून पळून जाण्याची वाट आहे, असे मला आता वाटत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या अशाच दुकानांत लागतील आणि त्यात कमीपणा काही नाही. परंतु आपण काउंटरमागे उभे राहिलो, तर सही करण्यापूर्वी कागद वाचणारे आणि शेजारणीला वाचून दाखवणारे असलो पाहिजे. आपल्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, अर्थशास्त्राच्या तासाला एकदा तरी नेमणुकीचा कागद आणि दुकान कायदा मराठीत समजावून द्यावा. आणि आपण सर्वांनी एवढे करावे : मोठ्या दुकानात गेलो की तेथल्या वरिष्ठांना सांगावे, "तुमची माणसे बसली तर आम्हाला चालेल." हे सांगायला नोकरी जाण्याची भीती नाही.

ताईंना जे बोलता आले नाही आणि मी बोलले नाही, ते गिऱ्हाईक म्हणून आपण बोलू शकतो. स्टूल काही फार महाग नसते.