आजीचा रकाना

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, जिंतूर या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या हिशेबात मनुष्यबळ तेवढेच. परंतु ज्यांची लहानगी मुले गावी राहतात, त्या प्रत्येक कोयत्यामागे आणखी कोणीतरी राबत असते. बहुधा ती घरची आजी असते. पाच-सहा महिने ती नातवंडांना न्हाऊ-खाऊ घालते, तापात उशाशी बसते, मोठ्यांना शाळेत धाडते. आणि त्यापायी स्वतःच्या कापूस वेचणीच्या रोजावर पाणी सोडते. तिच्या नावाचा रकाना कोणत्याच वहीत नाही.

यावर ठरावीक उत्तर मिळते: मायेचे का मोल करायचे? पण प्रश्न मायेचा नाहीच. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीस नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. म्हणजे मूल सांभाळणे हे काम आहे, हे कायद्याने मान्य केले होते. तेच मूल बांधावरून ओसरीवर आले की काम संपते आणि वात्सल्य सुरू होते, हा कुठला न्याय? श्रावणबाळ योजनेकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही; ते अर्थसाहाय्य वार्धक्याबद्दल आहे, श्रमाबद्दल नव्हे. हंगामी वसतिगृहेही शाळकरी मुलांसाठी. रांगत्या मुलाला तिथे जागा नाही.

स्वीडनमध्ये जुलै 2024 पासून आईवडिलांना आपल्या सवेतन संगोपन रजेतील काही दिवस आजी-आजोबांना देता येतात. आमच्या ऊसतोड करणाऱ्या आईला मुळात रजाच नाही. ती सासूला काय देणार? म्हणून इथली मागणी वेगळी हवी. हंगामात नातवंडे सांभाळणाऱ्या वृद्धांची ग्रामपंचायतीत नोंद व्हावी आणि त्यांना किमान वेतनाच्या दराने मोबदला मिळावा. त्याचा भार कारखाने आणि शासन यांनी मिळून उचलावा, कारण तोडणी वेळेवर होते ती या फुकटच्या श्रमावर.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिच्या दळणाला विठ्ठलाने हात लावला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांगत आलो. त्या कथेतल्या देवालादेखील बाईचे काम दिसले होते. कारखान्याच्या वहीला ते का दिसू नये?