वजन सांगायला लाजू नका!



“ताई, माझं वजन ९४ किलो आहे. हे फक्त तुम्हांलाच सांगते हं! सकाळी फिरायला गेलं की लोक बघतात असं वाटतं, म्हणून घरीच व्यायामाचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. ट्रेडमिल घेऊ की सायकल? गुडघेही कुरकुरतात.” सिडकोतल्या एका भगिनीचे हे पत्र गेल्या महिन्यात आले. ते वाचले आणि मला माझीच फजिती आठवली. आधी तीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझे वजन ८८ किलो होते. दोन बाळंतपणे, दुपारची शाळा आणि ‘वाया जायला नको’ म्हणून मुलांच्या ताटातले संपवायची सवय! साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी व्यायामाचे बजावले. दिवाळीच्या बोनसमधून यांनी जागच्या जागी चालवायची सायकल घ्यायचे ठरवले. आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने रंग कोणता विचारले, हप्ते हवेत का विचारले, घर कितव्या मजल्यावर तेही विचारले. वजन तेवढे विचारले नाही. आणि मीही सांगितले नाही. शेजारी दोन तरुण मुले उभी होती. ८८ हा आकडा काही तोंडातून निघेना!

दीड महिन्यात सीटखालचा दांडा वाकला. तक्रार घेऊन गेलो, तर दुकानदाराने सोबतचा कागद पुढे केला. ‘जास्तीत जास्त वजन ८० किलो’ असे त्यावर बारीक अक्षरांत छापलेले. “वहिनी, लिहिलेलंच आहे की!” झाले, पैसे गेले. पुढे सहा महिने त्या सायकलवर टॉवेल वाळत होते. सासूबाई म्हणाल्या, “दांडी चांगली झाली गं, पण महागातली!” सगळे हसले, मीही हसले. पण आतून फार लागले. दोष आपल्या अंगाचाच, असे वाटून मी कितीतरी दिवस व्यायामाचे नावच टाकले.

नंतर लक्षात आले की, दोष अंगाचाही नव्हता आणि सायकलीचाही नव्हता. माप चुकले होते. शिंप्याला आपण छातीचे, कमरेचे माप बिनदिक्कत देतो. मग यंत्र घेताना वजन का लपवायचे?

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी करा. एक, डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर, छातीत दुखणे, गुडघ्याची झीज यांपैकी काही असेल तर त्यांना विचारल्याशिवाय यंत्रावर चढू नका. दुसरी, घरच्या टेपने कंबर मोजा. भारतीय स्त्रियांच्या बाबतीत कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह, हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे डॉक्टर मानतात. वजनकाट्याइतकीच ही टेपही महत्त्वाची आहे, बरं का!

आता यंत्राकडे वळू. पहिला प्रश्न किमतीचा नाही, तर ‘हे किती किलोचं माणूस पेलतं?’ हा विचारायचा. घरगुती यंत्रांवर ९०, १००, १२० असे आकडे असतात. आपल्या वजनापेक्षा निदान २० ते २५ किलो जास्त पेलणारे यंत्र घ्या. म्हणजे ९४ किलोच्या आपल्या भगिनीने १२० किलोच्या खालचे बघूच नये. नुसते उभे राहण्यापेक्षा चालताना पाय आपटतो, तेव्हा भार पुष्कळ वाढतो. आकडा विक्रेत्याच्या तोंडी नको, छापील कागदावर स्वतः वाचा. यंत्र स्वतः किती जड आहे तेही बघा. हलके यंत्र डुगडुगते.

ट्रेडमिल घेणार असाल तर मोटारीची ताकद दोन तऱ्हांनी लिहितात, हे ध्यानात ठेवा. ‘पीक’ म्हणजे क्षणभराची आणि ‘कंटिन्युअस’ म्हणजे सतत मिळणारी. आपल्याला दुसरी बघायची. वजन ९०च्या पुढे असेल तर ती अडीच-तीन अश्वशक्तीची असावी. पट्टा निदान १८ इंच रुंद हवा, नाहीतर पाय कडेवर पडतो. धरायला दोन्ही बाजूंना पक्के दांडे हवेत. आणि पळायचे मुळीच नाही, चालायचे!

पण गुडघे कुरकुरत असतील तर माझे मत पाठ टेकायची सोय असलेल्या सायकलीला. तिच्यात खुर्चीसारखे बसायचे असते आणि पायडल समोर असतात. अंगाचा भार सीटवर राहतो, गुडघ्यांना त्रास कमी होतो आणि चढउतारही सोपी. साध्या सायकलीचे अरुंद सीट जड बांध्याला रुततेच. घ्यायच्या आधी दहा मिनिटे बसून चालवून बघा. साडी घेताना पदर खांद्यावर टाकून बघतो, तसेच हे. घरबसल्या मागवणार असाल तर परत घेण्याच्या अटी आधी वाचा.

दोरीच्या उड्या सध्या नकोत. कंबरेला बांधायचे थरथरणारे किंवा गरम होणारे पट्टे तर मुळीच नकोत. त्यांनी घाम येतो, चरबी जात नाही.

आणखी एक. यंत्रावर साडी किंवा ओढणी नको. पदर पट्ट्यात अडकायला क्षण लागत नाही. सलवार-कमीज घातलात तर ओढणी काढून ठेवा. ट्रेडमिलची सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवा आणि काम झाले की तिची किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

आता बिनपैशाचे सांगते. पुण्यात १९७५ साली संस्था उभारणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, विटा, दोर यांच्या मदतीने आसने शिकवली. ज्यांचे अंग वाकत नाही, त्यांनाही ती करता यावीत म्हणून. आपल्या घरी खुर्ची आहेच की! चार पायांची, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, चाकांची तर नकोच. हात न टेकता आठ-दहा वेळा बसा-उठा. मांड्यांना बळ आले की गुडघ्यांना आधार मिळतो. मग भिंतीवर तळहात ठेवून दंड काढा. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलोचे डंबेल. यंत्र घेण्याआधी महिनाभर एवढे नेमाने करून बघा. नेम टिकला तर यंत्र घ्या, नाही टिकला तर पैसे तरी वाचले!

किती करायचे? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सुरुवात दहा मिनिटांनी करा. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. नुसत्या व्यायामाने वजन भराभर उतरत नाही, जेवणही सांभाळावे लागते. पण थोडे उतरले तरी गुण येतो. गुडघे झिजलेल्या वजनदार माणसांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात २००५ साली असे दिसले की, एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

माझे म्हणाल तर, मागच्या वर्षी मी पुन्हा दुकानात गेले. या वेळी एकटीच. “माझं वजन ८४ आहे, ११० किलो पेलणारी पाठीची सायकल दाखवा,” असे खणखणीत आवाजात सांगितले. कुणी हसले नाही. उलट शेजारच्या एक बाई हळूच म्हणाल्या, “अहो, माझं ९०. मलाही तीच दाखवायला सांगा ना!”

आणि सिडकोच्या ताई, लोक बघतात हे खरे. मीही इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहिले चार दिवस मान खाली घालून चालले. पाचव्या दिवशी वर बघितले, तर जो तो आपापल्या घामात! रविवारी सकाळी सोबत हवी असेल तर कळवा, मी असतेच.