तांड्यावरचा ढावलो

शाकुंतलाचा चौथा अंक मीं किती वेळां वाचला आणि किती वेळां इतरांस वाचून दाखविला, याची गणती नाहीं. त्यांतील श्लोकचतुष्टयास रसिकांनीं साऱ्या नाटकाचें सार ठरविलें आहे. कण्व बोलतो, सख्या बोलतात, तपोवनांतील वृक्षलतासुद्धां निरोप देतात. परंतु जी निघाली आहे ती शकुंतला त्या मानानें थोडेंच बोलते, आणि जें बोलते तेंहि प्राकृतांत. हा शेवटचा भाग मला पाठ होता. त्याचा अर्थ मात्र मला एका तांड्यावरच्या मुलीनें दाखविला, आणि तो कळावयास मला पस्तीस वर्षें लागलीं.

त्या वेळीं वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला नव्हता. तो १९९८ सालच्या १ जुलैस अकोल्यांतून वेगळा निघाला. मानोरा तालुक्यांतील एका शाळेंत मी शिकवीत असें. वर्गांत निम्मीं मुलें आसपासच्या बंजारा तांड्यांवरचीं असत. एके दिवशीं शकुंतलेच्या पाठवणीची कथा सांगून मीं विद्वत्तेच्या भरांत हेंहि सांगितलें, कीं संस्कृत नाटकांत राजे व पंडित संस्कृत बोलतात, स्त्रिया बहुधा प्राकृत बोलतात. तोंच मागल्या बांकावरची एक मुलगी उभी राहिली आणि अर्धें मराठी, अर्धें गोरबोलींत म्हणाली, "गुरुजी, आमच्यांत नवरीच गाते. रडत गाते. आधीं शिकावें लागतें." मीं तिचे दोन शब्द शुद्ध करून दिले आणि म्हटलें, "अग, रडायलाहि कोणी शिकतें काय?" वर्ग हसला. मुलगी खालीं बसली. त्या वर्षीं ती पुन्हां आपण होऊन कांहीं बोलल्याचें मला आठवत नाहीं.

ज्या गाण्याविषयीं ती सांगत होती त्यास 'ढावलो' म्हणतात. तें समजण्यापूर्वीं हे लोक कोण, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण आपल्या घरांतून त्यांच्याविषयीं आरशाची चोळी आणि हस्तिदंती चुडा यांपलीकडे फारशी माहिती नसते. बंजारा हा शब्द वाणिज्य शब्दापासून आणि लमाण हा लवणापासून निघाला, अशी व्युत्पत्ति सांगतात. दुसरी मला पूर्णपणें पटलेली नाहीं, पण व्यवसाय मात्र तोच होता: सहस्रावधि बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशोदेशीं नेणें. १८०३ सालीं वेलस्लीचें सैन्य वऱ्हाडांत अडगांव व गाविलगड येथें लढलें, तें ज्या धान्यावर जगलें त्यांतील पुष्कळसें बंजाऱ्यांच्या बैलांनीं वाहिलेलें होतें. पुढें आगगाडी आली. १८६७ सालीं ती नागपुरास पोहोंचली, आणि बैलांचा व्यापार बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें अशा फिरत्या लोकांच्या माथीं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट उघडली. तो कायदा स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं रद्द केला; शिक्का मनांतून जाण्यास अधिक काळ लागतो, आणि हें मी एक शिक्षक म्हणून सांगत आहें.

व्यापार गेला, बैल गेले. राहिलें तें गाणें. बंजाऱ्यांचें प्रमुख वाद्य नंगारा. धातूच्या मोठ्या भांड्यावर कातडें ताणलेलें, दोन काठ्यांनीं वाजवावयाचें, आणि साथीस कांशाची थाळी. सेवालाल महाराजांच्या पूजेंत त्यावरच 'लडी' म्हणतात. महाराजांची समाधि पोहरादेवी येथें, म्हणजे याच मानोरा तालुक्यांत आहे. रामनवमीस तेथें जी यात्रा भरते तीस महाराष्ट्राबरोबर तेलंगण व कर्नाटक येथूनहि लोक येतात. बंजारा समाज त्या स्थळास आपली काशी म्हणतो. २०२४ सालच्या ५ ऑक्टोबर रोजीं तेथें बंजारा समाजाच्या वारशाचें संग्रहालय उघडलें. त्या इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा आहे. वाद्यास इमारतीचें रूप मिळालेलें मीं दुसरीकडे पाहिलें नाहीं. मात्र संग्रहालयाबाहेर यात्रेंत कर्णे लावून जें कांहीं वाजत होतें, त्यांत नंगारा ऐकूं येण्यास बराच प्रयास पडला, हेंहि लिहून ठेवितों.

तांड्याचें वर्ष गाण्यांनीं मोजतां येतें. होळीच्या आधींपासून पुरुष डफावर गोल धरून 'लेंगी' म्हणतात. वर्षाच्या आंत ज्या घरीं मुलगा झाला असेल त्या घरीं होळीच्या सुमारास 'धुंड' होतो, तोहि गात गातच. श्रावणांत कुमारिका टोपल्यांत गहूं पेरतात, त्यास नऊ दिवस पाणी घालतात व त्याभोंवतीं फेर धरून तीजेचीं गाणीं म्हणतात. तो हिरवा अंकुर म्हणजे तीज. मला वाटतें, मुलीचें खरें गायन-शिक्षण येथेंच होई. गळा येथें तयार होई, आणि त्याच गळ्यांतून कांहीं वर्षांनीं ढावलो निघे.

ढावलो म्हणजे नवरीनें माहेरच्या प्रत्येक माणसाच्या गळ्यांत पडून गावयाचें विलापगीत. आईस एक, बापास एक, भावास निराळें, मैत्रिणींस निराळें. शब्द कांहीं परंपरेचे, कांहीं त्या मुलीचे. सूर लांब, एकेक ओळ श्वास संपेपर्यंत ओढलेली, आणि शेवटीं हुंदका. तो हुंदका खरा असतो; तथापि तो कोठें यावा हें ठरलेलें असतें. लग्नापूर्वीं वडीलधाऱ्या बायका नवरीस तें शिकवितात. म्हणजे माझ्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें होतें. रडायलाहि शिकावें लागतें. पाठवणीच्या वेळीं नवरीस सजविलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करीत, आणि ती हात उंचावून 'हवेली' गाई, मागें राहणाऱ्या बापाच्या घराचें कल्याण चिंती.

आतां आपल्या घरांतील लग्न आठवावें. वधू अंतरपाटामागें मान खालीं घालून उभी. मंगलाष्टकें म्हणतात ते इतर. लाजाहोमांत वधूच्या तोंडची म्हणून जी प्रार्थना आहे तीहि बहुधा वर किंवा उपाध्याय म्हणतो. असें मुळापासूनच होतें म्हणावें, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ८५ वें सूक्त, ज्यास आपण विवाहसूक्त म्हणतों, त्याची ऋषिका सूर्या सावित्री आहे, आणि ती स्वतःच त्या सूक्तांतील वधू आहे. वेदांत ज्या वधूस वाणी होती ती आपल्या मांडवांत मुकी कशी झाली, हा प्रश्न मीं उभ्या जन्मांत कोणास विचारला नाहीं. तांड्यावर ती वाणी उरली होती, आणि मीं तीस वर्गांत खालीं बसविलें.

आपल्या बायका गातच नव्हत्या, असें मात्र नाहीं. माझी आजी जात्यावर ओवी म्हणे. पिठाची चक्की आली आणि ओवी थांबली. हेमा राईरकर व गी प्वातवां यांनीं खेडोपाडीं फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तेवढ्या तरी उरल्या. ओवीस निदान मराठीची लिपि व छापखाना होता. गोरबोलीस स्वतःची रूढ लिपि नाहीं. ग्रियर्सननें भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडांत १९०७ सालीं तिची नोंद केली. २०११ च्या जनगणनेंत बत्तीस लाखांहून अधिक लोकांनीं लमाणी वा लंबाडी ही आपली मातृभाषा सांगितली, आणि खानेसुमारीच्या तक्त्यांत ती संख्या हिंदीच्या पोटांत गेली.

पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांविषयीं मध्यंतरीं वाचनांत आलें. तेथील लोक चटई गुंडाळून तीवर काठ्यांनीं ताल धरीत व गात. १८३० सालीं जॉन विल्यम्स हा मिशनरी तेथें पोहोंचला आणि घरोघर स्तोत्रें आलीं. लांकडाचे पोकळ नगारे पुढें प्रार्थनेस बोलावूं लागले. तरी पाहुण्याच्या स्वागतास आणि सणास जुनें गायन व नृत्य तेथें अजून लागतेंच. प्रसंग टिकला कीं गाणें टिकतें, असें यावरून वाटतें. आमच्या तांड्यांचें दुःख असें, कीं प्रसंगच हातचे निसटत आहेत. दिवाळीच्या पुढेंमागें कितीतरी कुटुंबें ऊसतोडीस जातात. होळी बहुधा उसाच्या फडांत जाते, मग लेंगी कोणी म्हणावी? मुली आश्रमशाळेंत व वसतिगृहांत असतात. त्या शिकाव्या, हें मी कालहि म्हणत होतों, आजहि म्हणतों. पण श्रावणांतल्या त्या नऊ रात्रींचें शिक्षण त्यांस कोणत्या शाळेनें द्यावें, याचें उत्तर मजजवळ नाहीं.

गेल्या रामनवमीनंतर तीच मुलगी माझ्या घरीं आली. मुलगी कसली, आतां ती जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहे आणि तिच्या लेकीचें लग्न ठरलें आहे. हातांत कोरी वही होती. म्हणाली, "गुरुजी, मला ढावलो येत नाहीं. पांचवीपासून वसतिगृहांत होतें. माझें लग्न मंगल कार्यालयांत झालें, बँड होता. याडी गेली. आतां तांड्यावर एक काकीच उरली आहे तिला येतो. तुम्ही लिहून घ्यायला चला. देवनागरींत नीट तुम्हीच लिहाल." वर्गांतली ती गोष्ट तिला आठवत होती कीं नाहीं, हें तिनें दाखविलें नाहीं. मीं मात्र चहा होण्यापूर्वींच तिची क्षमा मागितली. ती नुसती हसली व म्हणाली, "त्या दिवशीं मला वाटलं होतं, गुरुजींना माहीत असेल."

आम्ही गेलों. काकी ऐंशीच्या घरांतली, ओसरीवर बसलेली. येण्याचें कारण ऐकून तिनें माझ्या हातांतल्या फोनकडे बराच वेळ पाहिलें. मग म्हणाली, "कोण चाललीय सासरी? नवरी कुठाय?" आम्ही म्हटलें, नवरी पुण्यास नोकरीवर आहे, लग्न दोन महिन्यांनीं आहे. "मग कोणाच्या गळ्यात पडू? ह्या फोनच्या?" असें म्हणून तिनें तोंड फिरविलें. एक म्हातारी हट्ट करीत आहे, असें क्षणभर मला वाटलें. पण विचार करतां तिचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. ढावलो हा कोणास तरी उद्देशून असतो. संबोधनावांचून तो होऊंच शकत नाहीं.

तेव्हां माझी विद्यार्थिनी उठली, काकीच्या शेजारीं बसली आणि तिनें तिच्या गळ्यांत हात घातले. पंचवीस वर्षांपूर्वीं जें तिच्या लग्नांत व्हावयाचें राहून गेलें होतें, तें अशा रीतीनें त्या ओसरीवर होऊं लागलें. प्रथम काकी नुसतीच डोलत होती. मग सूर निघाला. एवढ्याशा देहांतून एवढा लांब सूर कसा निघतो, कोण जाणे. शेजारच्या दोन घरांतील बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं पदर डोळ्यांस लावले. मला शब्द कळत नव्हते. 'याडी' एवढाच शब्द ओळखूं येत होता, तो प्रत्येक ओळीच्या शेवटीं येई.

संध्याकाळीं ध्वनिमुद्रण पुन्हां पुन्हां ऐकून मीं लिहूं लागलों. पहिली ओळ लिहून तिला दाखविली. ती म्हणाली, "गुरुजी, तसं नाही. येथे स्वर आखूड आहे, आणि हा ळ आहे, ल नव्हे." मीं खोडून पुन्हां लिहिलें. तिनें पुन्हां चूक दाखविली. तिसऱ्या खेपेस ओळ बरोबर उतरली. आजवर वहींत सात ओळी झाल्या आहेत. येत्या रविवारीं परत जावयाचें आहे. निघतांना काकीनें बजावलें आहे, कीं फोन आणा वा आणूं नका, पोरीला घेऊन या.