पाणी कुठे जाते?

नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्यांनी तांब्याच्या बंबापुढे कुडकुडत आपल्या पाळीची वाट पाहिली आहे, त्यांना मोटारीचे इंजिन समजावून सांगण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, इंजिनातही तेच. फरक एवढाच, की बंबात पाणी तापावे म्हणून विस्तव घालायचा, आणि इंजिनात विस्तवाचा ताप आवरावा म्हणून पाणी खेळवायचे. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत वाऱ्यावर निवते, पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो, आणि गाडी चालू असेपर्यंत हा फेरा चालतो. या पाण्यात जो रंगीत द्रव मिसळतात त्याला कूलंट म्हणतात. परिभाषेत त्याला ‘शीतक’ असा शब्द आहे. पण मराठीचा प्राध्यापक असूनही तो गॅरेजात उच्चारण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

आमच्या घरची मोटार १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळ घराणे इटलीतल्या फियाट ११०० चे, जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, आणि पद्मिनी हे बारसे १९७४ चे. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली. आमची मात्र अजून चालते. ती नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतली. भाऊबीजेला ठाण्याहून नाशिकला आपल्या थोरल्या बहिणीकडे तिच्यातूनच जायचे हा त्यांचा नेम. नाना आता ब्याऐंशीचे आहेत आणि आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. मोटार मी चालवतो, पुढच्या बाकावर नाना बसतात आणि प्रत्येक वळणावर मला शिकवतात.

तर गेल्या श्रावणात या मोटारीचे पाणी नाहीसे होऊ लागले. दर चार दिवसांनी अर्धा लिटर. जमिनीवर मात्र थेंब नाही! सकाळी गाडीखाली पाहावे तर फरशी कोरडी ठणठणीत. एका मोठ्या, काचेच्या दाराच्या वर्कशॉपात नेली. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडले, पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, “हेड गॅस्केट गेले. इंजिन उतरवावे लागेल.” खर्चाचा कागद पाच आकडी होता. तो पाहताच बंगळूरहून धाकट्या भावाचा फोन आला, की आता हिला भंगारात द्या आणि नानांना नव्या गाडीतून न्या. नाना काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवणही जरा कमीच झाले, असे हिने मला रात्री सांगितले.

पाणी नाहीसे होण्याच्या वाटा तीनच. ते बाहेर ठिबकते, किंवा इंजिनाच्या पोटात शिरून जळते, किंवा झाकणाखालून वाफ होऊन निघून जाते. इंजिन उतरवण्यापूर्वी या तीन वाटा तपासायला हव्यात, एवढे तर्कशास्त्र मराठीच्या प्राध्यापकालाही येते. म्हणून मी आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांना सगळी आळी चाचा म्हणते. त्यांचे आयुष्य टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनींत गेले.

चाचांनी पहिली सूचना केली ती अशी, की इंजिन पुरते निवेपर्यंत कोणी झाकणाला हात लावायचा नाही. गृहिणींना याचे कारण सांगायला नको. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचेच झाकण. त्यातली स्प्रिंग दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. तापलेल्या इंजिनावर ते फिरवले की दाब सुटतो आणि सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते. घाटात गाडी तापली की घाईघाईने झाकण उघडणारे लोक हात आणि चेहरा भाजून घेतात ते यामुळेच.

मग तपासणी. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळे पण स्वच्छ. पाणी तेलात मिसळले असते तर ते दुधाळ झाले असते, भरण्याच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला असता. चारही प्लग काढले, सारखेच करडे. ज्या सिलिंडरात पाणी शिरते तिथला प्लग बहुधा धुतल्यासारखा निघतो. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत नव्हता. “सर, गॅस्केटवर आळ घेतलाय नुसता,” चाचा म्हणाले.

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात एक जुना डाग निघाला. डाग म्हणजे झाळण्याचा सांधा. मराठी भाषा मोठी गमतीची : कपड्यावर पडला तर लाज, भांड्याला दिला तर दुरुस्ती, आणि डागडागिने म्हटले की घरची श्रीमंती! हा डाग पक्का होता, भोवती ओल नव्हती.

शेवटी चाचांनी एक हातपंप काढला. त्याला दाबाचा काटा असतो. झाकणाच्या जागी तो बसवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरायची आणि काट्याकडे पाहत राहायचे. मिनिटभरात काटा उतरू लागला. चाचांनी विजेरी पाण्याच्या पंपाखाली धरली. तिथे एका बारीक भोकातून हिरवट थेंब हळूच डोके वर काढत होता.

हे भोक कारखान्यानेच ठेवलेले असते. पंपाच्या दांड्यावर आत पाणी अडवणारे सील, बाहेर बेअरिंग, आणि दोहोंच्या मध्ये हे भोक. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता इथून बाहेर पडावे, अशी योजना. म्हणून ते कधी बुजवू नये. बुजवणारे महाभाग आहेत; मग बेअरिंग जाते आणि एक दिवस पंखा रेडिएटरवर जाऊन आदळतो. आमचा थेंब जमिनीवर का पडत नव्हता तेही उलगडले. गाडी उभी आणि थंड असताना दाब नाही, म्हणून गळती नाही. गाडी चालू असताना गळे, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडून तापलेल्या लोखंडावर सुकून जाई. पंपाखाली वाळलेला पांढरा ओघळ तेवढा साक्षीला राहिला होता.

“तोवर हळद टाकायची का?” नानांनी गॅलरीतून विचारले. रेडिएटरमध्ये हळद टाकून छिद्र बुजवण्याची युक्ती ड्रायव्हर मंडळींत पुष्कळ जुनी आहे. अडल्या वेळी घरापर्यंत पोचायला ठीक. पण तीच हळद पुढे बारीक नळ्यांतही बसते.

सील आणि बेअरिंग कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजारात मिळाले. दुसऱ्या दिवशी चाचांनी जुने पाणी घमेल्यात काढले आणि झाकून ठेवायला लावले. कूलंट चवीला गोड पण जहाल विषारी. आमच्या इमारतीत तीन मांजरे आहेत आणि पोरे त्याहून जास्त. पट्टा, पंखा, मग पंप उतरला. जुन्या गॅस्केटचा कागद खरवडायला अर्धा तास गेला. चाचांना त्याची घाई नव्हती. पृष्ठभागावर ओरखडा राहिला तर नवा पंपही तिथून गळतो. बोल्ट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. वरचा रबरी पाइप क्लिपेजवळ फुगला होता, तो बदलला. झाकणाचे रबर कडक झाले होते, म्हणून झाकणही.

आमच्याकडे पाणी काही गोठत नाही, तेव्हा कूलंटची चैन कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ते गंज रोखते आणि उकळण्याचा अंशही वाढवते. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी. बोअरचे जड पाणी घातले की नळ्यांत तोच क्षार बसतो जो आपल्या गीझरमध्ये बसतो. थंड इंजिनात ते सावकाश भरले आणि झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवले. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पातळी दोन बोटे उतरलेली दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. “उरलेली हवा निघाली, सर,” चाचा म्हणाले. भर घातली. तिसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी पातळी हलली नाही. सगळा खर्च त्या कागदावरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही पुरा झाला नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी नानांना घेऊन कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत जाऊन आलो. चढावर तापाचा काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. नाना रस्त्याकडे पाहत नव्हते, काट्याकडे पाहत होते. इगतपुरीला चहा घेताना त्यांनी माझा फोन मागितला, आत्याला लावला, आणि तिला ऐकू कमी येते म्हणून हॉटेलातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “आक्का, पाट मांडून ठेव. गाडी नीट झाली.”