दर हजारी

यंदाच्या अंकासाठी जुनी चित्रे हवी होती म्हणून कार्यालयाच्या माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरवले. निम्मे काम वाळवीने आधीच उरकले होते. उरलेल्यातला एक अंक हातात रेंगाळला, तो त्याच्या मलपृष्ठामुळे. पानभर रंगीत जाहिरात: फेटेवाला शेतकरी, मागे उगवता सूर्य, ओठांत विडी आणि खाली समस्त वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. त्याच अंकात आमच्या पूर्वसुरींनी व्यसनांच्या दुष्परिणामांवर मोठा कळकळीचा लेख छापला आहे. त्या लेखाच्या कागदाचे पैसे त्या फेटेवाल्याने दिले होते, हे त्यांना ठाऊक असणारच. संपादकीयात तेवढे लिहायचे राहून गेले.

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही चाल पडली. कथा-कवितांइतकाच तिला जाहिरातींचा टेकू लागतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या आणि मलपृष्ठावर सराफ आणि बिल्डर आले. तेव्हा धुराच्या पैशाबद्दल लिहिताना आम्ही काही सोवळे नेसून बसलेलो नाही.

विषय निघाला आमच्या मुद्रितशोधकांमुळे. त्यांचे नाव देत नाही, कारण ते सिगारेट ओढतात हे त्यांच्या घरी ठाऊक नाही, निदान तसा त्यांचा समज आहे. २०२५च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण उतरला, लोणी उतरले, म्हणून आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. हे गृहस्थ पेढा हातात धरून म्हणाले, "आमचं काय? आमच्यासाठी चाळीस टक्क्यांचा वर्ग काढलाय." सप्टेंबरच्या तीन तारखेला जीएसटी परिषदेने सिगारेट, गुटखा, पानमसाला या मंडळींना ४० टक्क्यांच्या रांगेत बसवायचे ठरवले. अंमलबजावणी मात्र तेव्हा थांबवली होती. राज्यांना भरपाई देण्यासाठी काढलेले कर्ज फिटेपर्यंत जुनाच हिशेब चालणार होता: २८ टक्के जीएसटी आणि त्यावर भरपाई उपकर. म्हणजे सरकारचे कर्ज कोण फेडतो आहे, हे मुद्रितशोधकांच्या छाती फुगवण्यावरून कळत होते.

त्यांची तक्रार टिंगलीत काढण्यासारखी नाही. ते म्हणतात, मी कायद्याने विकली जाणारी वस्तू विकत घेतो, शेजाऱ्याच्या कितीतरी पट कर भरतो, आणि २००८ पासून मला इमारतीबाहेर, पावसात, कचराकुंडीशेजारी उभे केले जाते. माझ्या कराच्या पैशातून मला एक आडोसा तरी? आणि ज्या सरकारला माझे फुप्फुस इतके प्रिय आहे, त्याच सरकारच्या एलआयसीकडे देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास भाग आहेत. माझ्या प्रत्येक झुरक्यात सरकार दोनदा हात घालते, एकदा कर म्हणून आणि एकदा लाभांश म्हणून.

यावर ठरलेले उत्तर असते की धूम्रपान करणारा आजारी पडतो आणि त्याचा भार सगळ्यांवर पडतो. हा हिशेब मांडायला गेले की तो विचित्र ठिकाणी नेऊन सोडतो. २००१ मध्ये झेक प्रजासत्ताकात फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने एक अहवाल करवून घेतला होता. लोक सिगारेट ओढून लवकर मरतात, त्यामुळे सरकारचे निवृत्तिवेतन आणि म्हाताऱ्यांवरचा खर्च वाचतो, सबब धूम्रपान हे सरकारच्या फायद्याचे आहे, असा त्याचा अर्थ होता. जगभर छी-थू झाली, कंपनीला माफी मागावी लागली. पण चूक बेरजेत नव्हती. माणसाला खतावणीतली नोंद समजले की बेरीज अशीच येणार. आपल्याकडे प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८चा अभ्यास सांगतो की सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते. दहा वर्षे म्हणजे नातवंडाचे बारसे ते त्याची चौथी-पाचवी. ती वाचावीत म्हणून कोणी सिगारेट महाग करत असेल तर मी त्या कराच्या बाजूने आहे. मुद्रितशोधकांना हे तोंडावर सांगितले आहे. अंकाची प्रुफे त्यानंतर चार दिवस उशिरा आली.

माझा आक्षेप निराळाच आहे. मुळात सिगारेटवरचा कर तिच्या विषावर बसत नाही, तो बसतो तिच्या लांबीवर. फूटपट्टी लावून ६५, ७० आणि ७५ मिलिमीटरच्या रेघा मारल्या आहेत. रेघ ओलांडली की हजारामागचा आकडा चढतो. २०२५ मध्ये भरपाई उपकराचा ठोक भागच हजार कांड्यांमागे २,०७६ रुपयांपासून ४,१७० रुपयांपर्यंत जात होता. मग कंपन्यांनीही शिंप्यासारखी कात्री चालवली आणि रेघेच्या अलीकडे मावेल अशी आखूड सिगारेट काढली. टपरीवर तिचा खप मोठा. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखे होते, कारण मी तरी आजवर कोणाला टपरीवर अख्खे पाकीट घेताना फारसे पाहिलेले नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारे ते भयंकर चित्र टपरीवाल्याच्याच नजरेला पडते, गिऱ्हाइकाच्या हाती नुसती कांडी येते. कर सत्तर पैशांनी वाढला की सुटी कांडी रुपया-दोन रुपयांनी वाढते. मधले पैसे कुठल्याच उपकरात नाहीत.

आणि जरा मागे सरून पाहिले, तर महाराष्ट्रात हा वाद मूठभरांचाच आहे. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत, खाणारे मात्र चोवीस निघाले. आपला तंबाखू तळहातावर चुन्यासंगे मळला जातो आणि दोन थापट्या मारून ओठाखाली जातो. त्यातल्या गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे त्यावर कराचा प्रश्नच नाही. बंदी असलेला माल कर भरत नाही, टपरीच्या मागून मिळतो एवढेच.

देशभरात ओढणाऱ्यांचे पाहिले तर त्याच पाहणीत सिगारेटवाले ४ टक्के आणि विडीवाले ७.७ टक्के. विडीला भरपाई उपकर कधी लागलाच नाही. जीएसटीच्या आधी वर्षाला वीस लाखांपेक्षा कमी विड्या करणाऱ्याला उत्पादन शुल्कही माफ असायचे, त्यामुळे एका कारखान्याचे कागदावर पाच कारखाने होत. त्याच सप्टेंबरच्या निर्णयात विडीचा जीएसटी २८ वरून १८ वर आणि तेंदूपत्त्याचा १८ वरून ५ वर. सिगारेट चढली, विडी उतरली. कारण नेहमीचेच, गरिबाचा धंदा आहे, लाखो बायका त्यावर जगतात.

ते कारण बघायला मी सप्टेंबरच्या शेवटी सोलापूरला गेलो. पूर्व भागातल्या एका घरात, उंबऱ्याला लागून, अक्का बसल्या होत्या. घरात तेलुगू, दारात मराठी. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने चौकोन कापायचा, चिमूटभर चुरा भरायचा, अंगठ्याने वळायचे, टोक नखाने आत दाबायचे, दोऱ्याचे दोन वेढे. हे वाचायला जितका वेळ लागला त्यात त्यांच्या दोन विड्या झाल्या होत्या. उजव्या अंगठ्याचे नख झिजून सपाट झालेले. दिवसाला आठशे, हात चालला तर हजार. मग माल घेऊन ब्रँचला जायचे. तिथे कारकून हातात घेऊन बघतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही. छाट परतही मिळत नाही. मजुरी हजारी, दोनशेच्या पुढेमागे.

सिगारेटवरचा कर दर हजारी आणि अक्कांची मजुरीही दर हजारी. दोन्हीकडे मोजमाप तेच आहे, हे तिथे सुपाशेजारी बसल्यावर लक्षात आले.

याच हजारावर एकेकाळी तिसराही एक आकडा होता. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगार कल्याण उपकराचा कायदा केला. हजार विड्यांमागे काही पैसे, शेवटी शेवटी पाच रुपये, कारखानदाराकडून घ्यायचे आणि ते फक्त विडी कामगारांवर खर्च करायचे: दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरे. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे, ती विडी वळणाऱ्या बायकांची. कामगार नेते नरसय्या आडम यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, केंद्राने आणि राज्याने अनुदान दिले, बायकांनी पै-पै जोडून आपला वाटा भरला आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या लोकार्पणाला आले. तंबाखूच्या कराला या देशात कधी घराचा पत्ता होता, तर तो असा.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि सुटसुटीतपणाच्या नावाखाली तो उपकर रद्द झाला. योजना बंद पडल्या असे नाही. पण आधी तो पैसा कायद्याने त्या बायकांचा होता, आता अर्थसंकल्पात कोणी तरतूद केली तर त्यांचा. पान तेंदूचेच राहिले, पैशाचा पत्ता तेवढा गेला.

विडीवरचा कर वाढवा म्हटले की कारखानदार या बायकांना पुढे करतात, आणि बायका खरोखरच पुढे येतात, कारण त्यांना दुसरे काम नाही. निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, शरद जोशी त्यांच्या पुढे होते, आणि पोलिसांच्या गोळीबारात बारा जण गेले. या पिकाला हात घालायचा तर किंमत कोण मोजतो हे आपण पाहिलेले आहे, म्हणून सल्ला देताना जीभ जड होते. तरीही सांगतो. विडी स्वस्त ठेवणे ही गरिबावर दया नव्हे. त्याच २००८च्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषाची सहा आणि बाईची आठ वर्षे गेलेली दिसतात. स्वस्त विडी ओढणारा हमाल, वीटभट्टीवाला, उसतोड्या असतो, आणि त्याला कर्करोग झाला तर मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर त्याच्याच घरचे लोक अंथरूण टाकून झोपतात. विडीवरही सिगारेटच्या वजनाचा कर बसवा, टप्प्याटप्प्याने बसवा, पण १९७६ सारखा त्यातला हिस्सा कायद्यानेच बांधून घ्या: वळणाऱ्या बाईला दुसऱ्या कामापर्यंत नेण्यासाठी आणि ओढणाऱ्याच्या उपचारासाठी. तोवर आमच्या मुद्रितशोधकांनी, मी पाप करतो म्हणून देश चालतो, अशी प्रौढी मिरवली तर तिला माझ्याकडे उत्तर नाही.

निघताना अक्कांनी विचारले, "सर, पेपरात आलं की सरकारनं विडीचं टॅक्स कमी केलं. म्हणजे आमचं काय?" मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. टपरीवर रुपयाला एक विडी धरू, म्हणजे हजाराचे हजार रुपये. २८ टक्क्यांनी त्यात सरकारचे सुमारे २१९ रुपये निघतात. टपरीवाला स्वतः जीएसटीत नसतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमी धरा. म्हणजे जवळपास तुमच्या मजुरीएवढेच. १८ टक्के झाले की सरकारकडे जाणार सुमारे १५३. मधले राहिले सहासष्ट.

हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतले. पंचविसाचा कट्टा बांधला, दोरा दाताने तोडला.

"ते सहासष्ट कुणाला?"

मी वही मिटली. तेवढ्यात ब्रँचला जायची वेळ झाली म्हणून त्या उठल्या, मालाचे गाठोडे डोक्यावर घेतले आणि छाट किती निघते बघू म्हणत गल्लीत वळल्या.